थोरवे सरांचं मानपत्र

"मानपत्र इंग्रजीतच पाहिजे म्हणालेत सर," असं म्हणत शाळेतल्या क्लार्क जगदाळे भाऊसाहेबांनी पिशवी काउंटरवर आपटली. "आता बोला!"

इम्तियाजभाई फ्रेमला खिळे ठोकत होते. तीन-चार खिळे दातांत धरलेले, म्हणून ते नुसतं "हूं" म्हणाले. मी कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी बारशाची पत्रिका लावत होते. मान वर न करता विचारलं, "कुठले सर?"

"कुठले म्हणजे? थोरवे सर. शनिवारी रिटायर होतायत. सेवापूर्ती समारंभ आहे. हॉल झाला, फेटेवाला झाला, जेवणाचं झालं. राहिलं ते हे मानपत्र."

माझा हात माउसवरच थांबला. ही सगळी गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा मी सोळाची होते. भाईंच्या दुकानात फ्लेक्स, पत्रिका, फ्रेमा सगळं बघायचे, आणि शाळेच्या गल्लीतनं जायला लागू नये म्हणून रोज लांबच्या रस्त्यानं घरी जायचे.

भाईंनी खिळे हातावर काढले. "आपल्याकडं फाईल आहे की. गायकवाड सरांचं मागच्या वर्षी केलेलं. नाव बदलू आणि देऊ."

हे खरं होतं. आमच्या गावात गेली दहा-बारा वर्षं एकच मानपत्र चालत आलंय. मास्तर असो, ग्रामसेवक असो, कारखान्याचा वॉचमन असो, फाईल तीच, वरचं नाव फक्त दुसरं. एकदा जनावरांच्या डॉक्टरला 'आपण असंख्य बालकांना अक्षरओळख करून दिलीत' असं गेलेलं. त्यांनी शाल, नारळ आणि मानपत्र घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, जेवण झालं, घरी गेले. मानपत्र वाचायला नसतं, ऐकायला पण नसतं. वाचणारा थांबला की टाळी वाजवायची असते एवढंच.

"ते नाही चालायचं," भाऊसाहेब म्हणाले. "सर म्हणाले इंग्रजी पाहिजे, आणि इंग्रजी पण जुनं, भारदस्त. त्यात त्यांचे ते 'बि'चे शब्द पाहिजेत. आता हेडमास्तर गणिताचे, मी हा असा. सरांना म्हटलं, तुम्हीच लिहून द्या की. तर म्हणाले, स्वतःचं कौतुक स्वतः लिहू होय? नेटवरनं काढा."

"मी काढते," मी म्हटलं.

भाऊसाहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "तू? तू दहावी तरी..."

"नववीतनं सोडली. दाखला तुम्हीच हातात दिलेला, भाऊसाहेब."

"अगं हां हां! तू ती डस्टरवाली!"

"तीच."

"मग राहू दे बाई."

"भाऊसाहेब, नेटवरनं काढायचं आणि चिकटवायचं. त्यात काय मी डस्टर घालणार आहे?"

भाई हसले. भाऊसाहेब पण हसले. "बरं कर. पण शब्द वजनदार पाहिजेत हं."

"असे घालते," मी म्हटलं, "की उचलणार नाहीत."

थोरवे सरांचं ते 'बि'चं प्रकरण साऱ्या तालुक्यात गाजलेलं. इंग्रजीत कुठल्याही शब्दाच्या आधी 'बि' लावा, शब्द राजा होतो, असं ते म्हणायचे. त्यांच्याकडं असल्या शब्दांची एक यादी होती. त्यातले बरेच शब्द आता इंग्रज पण वापरत नाहीत म्हणे. वर्गात नवीन पोरं आली की पहिल्या आठवड्यात ते प्रत्येकाला त्या यादीतला एक शब्द द्यायचे. मागं बसून पेंगणारा सुहास, तो 'बिनंब्ड', म्हणजे बधिर. बोलताना अडखळणारी वैदेही 'बिम्यूज्ड', म्हणजे गोंधळलेली. हजेरी पण तशीच घ्यायचे. पोरं हसायची. ज्याचा शब्द तो सोडून बाकीची.

मी 'बिड्रॅगल्ड'. आई मंडईत भाजी विकते. सकाळी सातपर्यंत मी तिच्याबरोबर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या धुवायचे आणि तिथनंच शाळेत जायचे. स्कर्टची कड रोज ओली, रोज मातीची. "स्टँड अप, बिड्रॅगल्ड," सर म्हणायचे. म्हणजे चिखलापाण्यात फरफटलेली. महिनाभरात सारी शाळा मला 'ड्रॅगल' म्हणायला लागली. पाचवीतली शेंबडी पोरं पण. मी दोघांना मारलं, तिसऱ्याची सायकल नाल्यात ढकलली. पण ते मी सोसलं.

नववीच्या पालकसभेला आई आली. पाटी शेजारणीच्या हवाली करून तशीच आली. टाचांना चिखल, नखांत माती. सरांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि वर्गाकडं वळले.

"चिल्ड्रन, बिड्रॅगल्ड आपण शिकलो. आता तिच्या आईसाहेबांकडं बघा. बिग्राइम्ड! लिहून घ्या. अर्थ उद्या सांगतो."

पोरांनी वह्या काढल्या. आईला वाटलं साहेब काहीतरी चांगलं बोलले. सगळा वर्ग लिहून घेतोय म्हटल्यावर चांगलंच असणार. तिनं दोन्ही हात जोडले. "तुमच्यामुळंच हाय सायेब सगळं," म्हणाली आणि हसली. घरी जाताना वाटेत मला विचारत होती, काय म्हणाले गं? मी म्हटलं, चांगलं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर अर्थ लिहिला. मळानं बरबटलेली. मी उठले, टेबलावरचं डस्टर घेतलं आणि मारलं. कानाला लागलं. रक्त आलं. मला दाखला मिळाला.

आईला मी अजून अर्थ सांगितलेला नाही.

तर मानपत्र. नेटवरनं मला काही काढायचं नव्हतं. दुकानात रद्दीतनं आलेली एक डिक्शनरी होती, पुठ्ठा गेलेली, उशीएवढी जाड. भाई फ्रेम दाबायला तिचा वापर करायचे. शाळा कायमची सुटल्यावर पहिल्याच महिन्यात मी तिच्यात 'बिड्रॅगल्ड' शोधलेला. अर्थाचं इंग्रजी कळेना, मग त्या इंग्रजीचा अर्थ मोबाइलवर बघितला. मग वरचा शब्द बघितला, मग खालचा. गिऱ्हाईक नसलं की तेच. दीड वर्षात 'बि'ची सगळी पानं माझी पाठ झालेली. बाकीचं इंग्रजी मला आजही यथातथाच येतं. पण 'बि'मध्ये मला कुणी हात लावायचा नाही.

आणि त्या पानांत काय काय माल होता! 'बिमायर्ड' म्हणजे चिखलात लोळवलेला. 'बिस्लॅव्हर्ड', लाळेनं भिजवलेला. आणि माझा सगळ्यात लाडका, 'बिस्कम्बर्ड', शेणानं माखलेला. चारशे वर्षांपूर्वी इंग्रज असल्या शिव्या द्यायचे, कोट-टाय घालून.

मला एकच पाहिजे होतं. फेटा बांधून, शाल घेऊन तो माणूस स्टेजवर उभा असताना, सगळ्या गावासमोर हे शब्द त्याच्या कानात पडले पाहिजेत. गावाला काही कळणार नाही, त्याला एकट्याला कळेल. त्याची मान खाली गेलेली मला बघायची होती.

एका दुपारी लिहून झालं. खाली छान बॉर्डर टाकली, वर सरस्वती टाकली. भाऊसाहेब प्रूफ बघायला आले. चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला.

"कसं आहे?" मी विचारलं.

"फर्स्टक्लास. वजन आहे." त्यांनी कोपऱ्यात 'बरोबर' लिहून सही केली. संध्याकाळी तोच कागद हेडमास्तरांची सही घेऊन आला, आणि त्याखाली संस्थेच्या चेअरमनची. इंग्रजी कागद आहे, आणि वरच्यानं आधीच 'बरोबर' लिहिलंय. मला कळलं नाही असं कोण म्हणणार?

वाचायचं काम चित्रकलेच्या फाळके सरांकडं होतं, कारण आवाज. त्यांना इंग्रजी वाचायला लागलं की घाम फुटतो. म्हणून मी त्यांना सगळं देवनागरीत काढून दिलं. ते इतके खूश झाले की मला शंभर वर्षं आयुष्य देऊन गेले.

शनिवारी हॉल भरलेला. मी आणि भाई फ्रेम घेऊन गेलो. मानपत्र वाचून झालं की ती स्टेजवर न्यायची, म्हणून मी स्टेजच्या पायऱ्यांपाशीच उभी होते. वर थोरवे सर, केशरी फेटा, अंगावर शाल. डाव्या कानाच्या पाळीवर माझी खूण होती, मला लांबनं पण दिसली. शेजारी त्यांच्या मिसेस, शशिकला काकू. सपत्नीक सत्कार होता ना. हिरवी पैठणी, ओटीत नारळ, नजर जमिनीवर. मी त्यांना आधी कधी नीट बघितलंच नव्हतं. त्या सरांच्या मागून चालायच्या.

फाळके सरांनी घसा साफ केला.

"अवर बिलव्हेड सर, हू फॉर थर्टी फोर इयर्स वॉज बिमायर्ड इन नॉलेज..."

टाळ्या. मी सरांच्या चेहऱ्यावर डोळे लावून उभी होते. आता. आता कळेल.

सर फुलले! त्यांनी बोट वर केलं. "एक मिनिट, फाळके." माइक स्वतःकडं घेतला. "मंडळी, हा शब्द आजकाल प्रोफेसरांना पण येत नाही. बिमायर्ड. म्हणजे आकंठ बुडालेला. ज्ञानात तल्लीन झालेला. पुढं वाचा."

"बिस्लॅव्हर्ड बाय हिज लव्हिंग स्टुडंट्स..."

"प्रेमानं न्हाऊ घातलेला," सर म्हणाले. त्यांनी शालीच्या टोकानं डोळे टिपले.

"अँड बिस्कम्बर्ड बाय द होल तालुका!"

"वा!" सर म्हणाले. "वा वा! म्हणजे मानसन्मानाखाली वाकलेला. साऱ्या तालुक्यानं!"

हॉल नुसता कडाडला. मागच्या बाकावरचा एक माजी विद्यार्थी शिट्टी मारत होता. आणि मी तिथं पायरीवर उभी, हातात जड फ्रेम. म्हणजे याला येतच नाही! चौतीस वर्षं पोरांची नावं ठेवली, आणि याला त्या यादीच्या बाहेरचं एक अक्षर येत नाही! माझ्या दीड वर्षाच्या शिव्या त्याच्या अंगावर फुलांसारख्या पडत होत्या. मला वाटलं फ्रेम तिथंच आपटावी.

काकूंनी पदर तोंडाला लावला होता. खांदे हलत होते. लोकांना वाटलं भरून आलं. मला पण तेच वाटलं.

मग फाळके सर शेवटच्या वाक्याला आले. ते मी सगळ्यात मोठ्या टायपात घेतलेलं.

"टुडे, ही स्टँड्स बिफोर अस ऑल... बिग्राइम्ड!"

सरांचं बोट वर गेलं आणि तिथंच राहिलं.

हा शब्द त्यांना येत होता. हा यादीतला होता. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण डोळ्यांतनं काढून घेतल्यासारखं झालं. मग मला दिसलं, ते मनातल्या मनात मागं मागं जातायत. बिस्कम्बर्ड. बिस्लॅव्हर्ड. बिमायर्ड. एकेकावर जाऊन ते परत येत होते.

"सर, अर्थ?" फाळके सरांनी माइक पुढं केला. सगळा हॉल टाळीसाठी हात उचलून बसलेला.

सरांनी खाली बघितलं. पायरीवर मी. मी नजर हलवली नाही.

"बिग्राइम्ड," ते म्हणाले. आवाज फाटला. "म्हणजे... म्हणजे सेवा करून करून... थकलेला."

दोन-चार बायकांनी डोळे पुसले. चेअरमन उभे राहिले, म्हणून सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या काही थांबेनात. सरांनी हात जोडले.

मी वर गेले आणि फ्रेम त्यांच्या हातात दिली. फोटोवाला "इकडं बघा, इकडं बघा" करत होता. ओठ न हलवता सर म्हणाले, "तू लिहिलंस?"

"तुमचाच शब्द आहे, सर."

फोटो निघाला.

पण मला समाधान नव्हतं. मान खाली गेलीच नाही. चेहरा पडला तो पाच सेकंद फक्त, तोही मलाच दिसला. नंतर तो माणूस अर्धा तास खुर्चीत बसून होता आणि लाइन लावून लोक त्याच्या पाया पडत होते. उद्या उठेल, चहा पिईल, विसरेल. भाईंच्या गाडीवर मागं बसून मी घरी गेले आणि जेवले नाही. आईनं विचारलं, कुणाशी भांडलीस? मी म्हटलं, भांडलेच नाही, तेच तर.

रविवारी सकाळी दुकान उघडून झाडत होते, तर रिक्षातनं शशिकला काकू उतरल्या. काखेत साडीत गुंडाळलेली फ्रेम. मला कळलं, आता दुकानाचं काही खरं नाही. शाळेचं सगळं काम आमच्याकडं होतं.

"या या, मॅडम," भाईंनी स्टूल पुसलं. "काही चूक झाली का?"

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. "भाईंना काही माहीत नाही. त्यांना इंग्रजी येत नाही. आणि तिघांच्या सह्या आहेत माझ्याकडं, प्रूफवर."

"झालं काय पण?" भाई माझ्याकडं बघायला लागले.

"चूक एकही नाही," काकू म्हणाल्या. "मी तपासलं. इम्तियाजभाई, जरा चहा सांगता?"

भाई बाहेर गेले. काकूंनी साडी उलगडली. फ्रेमची काच चिरलेली होती, वरपासून खालपर्यंत.

"पडली?" मी विचारलं.

"पाडली. घरी गेल्या गेल्या." त्या माझ्याकडं बघत होत्या. "तेजल ना तू? झांबरे. डस्टर."

"हो."

"मी एम.ए. आहे, तेजल. इंग्रजी. यांचं बी.ए. मी करून घेतलं. ती 'बि'ची यादी माझी आहे. लग्नानंतर मला शाळेत लागायचं होतं, तेव्हा केलेली. पोरांना गंमत वाटेल म्हणून. चित्रं काढणार होते प्रत्येक शब्दाला." त्यांनी काचेवरचा एक तुकडा अलगद काढून काउंटरवर ठेवला. "मग एकाच घरातल्या दोघांनी नोकरी कशाला, असं ठरलं. यादी त्यांनी नेली."

"तुम्हाला काल सगळं कळत होतं?"

"बिमायर्डलाच कळलं. पुढं हसू आवरेना. पदर फाटेपर्यंत चावलाय."

"मग सरांना..."

"रिक्षात विचारलं त्यांनी. बाकीच्यांचे खरे अर्थ काय गं? मी सांगितले. एकेक. सावकाश. रिक्षावाल्याला पण ऐकू जाईल एवढ्या आवाजात." त्यांनी फ्रेम माझ्याकडं फिरवली. "घरी आल्यावर म्हणाले, जाळून टाक ते. मी म्हटलं, कसं जाळायचं? आज संध्याकाळी चेअरमन येणार आहेत चहाला. भिंतीवर दिसलं नाही तर विचारतील. काय सांगणार? त्यावर फ्रेम आपटली."

बाहेर भाई चहावाल्याला ओरडून सांगत होते, एक बिनसाखरेचा.

"त्यांनी आम्हाला शब्द दिलेले," मी म्हटलं. माझा आवाज उगाचच चढला. "माझ्या आईला दिला. तिनं हात जोडले."

"माहीत आहे. घरी येऊन सांगितलेलं, हसत हसत." काकूंनी चिरलेल्या काचेवरनं बोट फिरवलं. "मला पण एक आहे. एकतीस वर्षं. भाजीत मीठ कमी पडलं की तो."

"कुठला?"

त्यांनी मान हलवली. सांगणार नव्हत्या. मी पण परत विचारलं नाही.

"हे मोठं करता येईल?" त्यांनी विचारलं. "आमच्या दारातनं आत आलं की समोरच भिंत आहे. सोफ्यावरनं दिसतं, जेवायच्या टेबलावरनं दिसतं. येणारा-जाणारा विचारणार, सर, वाचून दाखवा ना. अर्थ सांगा ना."

"दोन बाय तीन फूट करू?"

"तीन बाय चार कर. चार वाजेपर्यंत होईल?"

"तीनपर्यंत देते. भिंतीला स्क्रू मारायला मी स्वतः येते, काकू. चार स्क्रू. कुणाला एकट्याला निघायची नाही."

काकू पहिल्यांदा हसल्या. पदर न लावता. उठल्या, साडीची घडी घातली, पायरीपर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आणि काच चांगली घाल, तेजल," त्या म्हणाल्या. "मला रोज पुसायचीय."